वह्यांचे दोन खोके : केनियाच्या एका सहलीच्या तयारीचा प्रकरण अभ्यास

ठाणे-डोंबिवलीकडच्या एका पक्षीनिरीक्षण गटाने सप्टेंबर २०२४ मध्ये केनियाची सहल केली. तिची तयारी माझ्याकडे होती. इथे कुणाचंच नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. सहल 'कशी झाली' हे सांगायला हे लिहीत नाही. निघण्याआधीच्या नऊ महिन्यांत आम्ही कोणत्या वळणावर काय ठरवलं, ते का ठरवलं आणि त्यातलं काय चुकलं, एवढंच सांगायचं आहे.

पार्श्वभूमी

आम्ही अकरा जण. वय पस्तीस ते एकोणसत्तर. बहुतेकांचा परदेश म्हणजे दुबई किंवा सिंगापूर, तेही सहल कंपनीच्या बसमधून. गटात एक निवृत्त मुख्याध्यापक होते, त्यांना सगळे 'सर' म्हणतात. सगळ्यात ज्येष्ठ मावशी, पंचवीस वर्षं भांडूप पंपिंगला फ्लेमिंगो बघायला जाणाऱ्या. एक डॉक्टरीणबाई, दोन जोडपी आणि बाकी माझ्यासारखे सुटे.

तारखा ठरवतानाच पहिला वाद झाला. वाइल्डबीस्ट या गवतखाऊ प्राण्यांचे कळप मसाई मारा अभयारण्यात साधारण जुलै ते ऑक्टोबर असतात. ऑगस्टमध्ये काहींना रजा नव्हती, सप्टेंबरच्या ७ तारखेला गणपती. अनंत चतुर्दशी १७ तारखेला, म्हणजे त्यानंतर जायचं तर पितृपक्ष. "पितृपक्षात कुणी सहलीला जातं का?" हा प्रश्न दोन घरांतून आला. मावशींनी तो एका वाक्यात निकालात काढला: "माझे पितर मला अडवणार नाहीत, आणि तिकीट स्वस्त मिळेल." २० ते २९ सप्टेंबर पक्कं झालं.

पहिला आराखडा

मार्चमध्ये मी केलेला आराखडा आज बघवत नाही. आठ दिवसांत अंबोसेली, नाकुरू, नैवाशा, मारा आणि शेवटी नैरोबी. नकाशावर बोटभर अंतरं दिसत होती. नैरोबीहून माराच्या सेकेनानी गेटपर्यंतच पाच-सहा तास लागतात हे मला ठाऊक होतं, पण त्या तासांत गाडी कुणीतरी माणूस चालवत असतो हे डोक्यात नव्हतं.

त्याच आराखड्यात 'मसाई गाव भेट : १ तास' आणि 'शाळा भेट, वह्यावाटप : ४५ मिनिटं' अशा दोन ओळी होत्या. दुसरी ओळ सरांच्या आग्रहाची. त्यांनी वर्गणी काढून वह्या, पेन्सिली आणि रंगपेट्या घेऊनही टाकल्या. दोन मोठे खोके. (हो, खोकेच. त्यावरून गटात जे विनोद व्हायचे ते झाले.)

अडचण अशी होती की हेतू सगळ्यांचे चांगले होते. चांगल्या हेतूला 'थांबा जरा' म्हणायचं कसं आणि कुणी, हे कुणालाच कळत नव्हतं.

लस : पहिला प्रश्न, जो आम्ही तिसरा विचारला

केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लसीचं प्रमाणपत्र लागतं. नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरण, सहा दिवसांपर्यंत. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरलं जातं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. लस ठरावीक अधिकृत केंद्रांवरच मिळते, आधी वेळ घ्यावी लागते. एवढं सगळं मला माहीत होतं. म्हणून मी निर्धास्त होते: 'जूनमध्ये घेऊ सगळे मिळून.' तिकिटं एप्रिलमध्ये काढली, तीही परतावा न मिळणारी, कारण त्यात माणशी बरीच बचत होती.

जूनमध्ये डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना आपापल्या औषधांची यादी मागितली आणि मावशींच्या यादीपाशी थांबल्या. ही लस जिवंत विषाणूंची असते, क्षीण केलेल्या, पण जिवंतच. साठीनंतर पहिल्यांदा घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते, मुळात ती फार कमी असली तरी. शिवाय मावशी संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घेत होत्या. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: लस नको.

पर्याय तीन होते. काही महिने औषध थांबवून बघायचं, हा डॉक्टरांनीच खोडला. लस देता येत नाही असं वैद्यकीय पत्र घेऊन जायचं. पण पत्र असलं तरी परतल्यावर सहा दिवसांचं विलगीकरण होऊ शकतं असं धरूनच चला, असा सल्ला आम्हाला मिळाला. शिवाय लसीशिवाय तिथे डास चावण्याचा धोका राहतोच, तो पत्राने जात नाही. तिसरा पर्याय, न जाणं.

इथे आमच्याकडून एक गोष्ट वाईट झाली. तीन दिवस आम्ही मावशींना वगळून चर्चा करत होतो. "त्यांना कसं सांगायचं" याची चर्चा. एकाने वेगळा व्हॉट्सॲप गटसुद्धा काढला. अर्थातच मावशींना कळलं. त्यांनी फोन करून मला विचारलं, "मी बहिरी झाले असं कुणी सांगितलं तुला?" मग त्यांनी स्वतः डॉक्टरांशी बोलून दोन दिवसांत ठरवलं की जायचं नाही. तिकिटाचे पैसे बुडाले.

लसीचा प्रश्न तिकिटाआधी विचारला असता तर मावशींना 'केनिया नको, लस लागत नाही तिथे जाऊ' असं म्हणायची संधी तरी मिळाली असती. नियम माहीत असणं आणि तो आपल्यातल्या कुणाला अडवेल हे पाहणं, यांत मी गल्लत केली.

हिवतापाचं त्यामानाने सोपं गेलं. नैरोबी उंचावर आहे, तिथे धोका कमी. मारासाठी प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या ठरल्या. कुणी कुठली घ्यायची आणि परतल्यावर किती दिवस चालू ठेवायची ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरने ठरवलं. परतल्यावर गोळ्या मधेच सोडणारे दोघं निघालेच.

जायचं की नाही

मावशींचं प्रकरण ताजं असतानाच २५ जूनला नैरोबीत आंदोलक संसदेत घुसले. वित्त विधेयकातल्या करवाढीविरुद्ध तरुण मुलं रस्त्यावर आली होती, गोळीबार झाला, माणसं गेली. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रुटो यांनी विधेयकावर सही करणार नाही असं जाहीर केलं. आंदोलनं मात्र पुढे चालू राहिली. आमच्या गटावर धुराचे आणि जळत्या टायरचे व्हिडिओ यायला लागले. "केनिया पेटलंय" ही ओळ मी एका संध्याकाळी सहा वेळा वाचली.

पर्याय दोन होते, पण दोन्हींचे दर वेगळे. आत्ता रद्द केलं तर विमानाचे पैसे गेले, पण हॉटेल-गाडीचे वाचले. ऑगस्टअखेरपर्यंत थांबलं तर तेही जाणार. मी सगळ्यांना एकच विनंती केली: मत देण्याआधी नैरोबीतल्या वर्तमानपत्रांची संकेतस्थळं आठवडाभर रोज वाचा. आपल्या वाहिन्या आणि पुढे ढकललेले व्हिडिओ नकोत. त्यातून दोन गोष्टी कळल्या. आंदोलनं मुख्यतः मंगळवारी आणि गुरुवारी पुकारली जात होती, आणि ती शहराच्या मध्यवर्ती भागात होती. दुसरी गोष्ट सरांनी बोलून दाखवली: "ही पोरं कराबद्दल, भ्रष्टाचाराबद्दल बोलतायत. आपण त्यांना 'दंगल' का म्हणतोय?"

आम्ही रद्द केलं नाही. पण शहरात फिरायचा दिवस शनिवारी ठेवला, मंगळवार-गुरुवार नैरोबीबाहेर जातील अशी आखणी केली आणि ज्यांना माघार घ्यायची त्यांनी ऑगस्टच्या मध्यापर्यंत सांगावं असं ठरवलं. कुणी घेतली नाही.

निघायच्या नऊ दिवस आधी, ११ सप्टेंबरला, नैरोबीच्या जोमो केन्याटा विमानतळावरचे कर्मचारी संपावर गेले. कारण आपल्या ओळखीचं: तो विमानतळ तीस वर्षांसाठी अदानी समूहाकडे सोपवायचा प्रस्ताव. संप त्याच दिवशी मिटला. पण आपण तिथे आता निव्वळ पर्यटक म्हणून उतरणार नाही, 'अदानीच्या देशातले' म्हणून उतरणार, हे लक्षात आलं. त्यावर आम्ही एक ओळ ठरवली: कुणी विचारलं तर ऐकायचं, आणि आपली बाजू मांडायची घाई करायची नाही. तिचं काय झालं ते पुढे येईलच.

पैसे कुठे जातात

तीन कंपन्यांकडून दर मागवले होते. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यांत माणशी चाळीस हजारांचा फरक. गटाचा कल उघड होता. मी तिघांनाही सारखेच तीन प्रश्न पाठवले.

पहिला, माराचं प्रवेशशुल्क कोणत्या दराने धरलंय? १ जुलै २०२४ पासून परदेशी प्रौढाला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर पडू लागले, जानेवारी ते जून १०० डॉलर. स्वस्त कंपनीने १०० धरले होते. म्हणजे उरलेले गेटवर आमच्याकडूनच घेतले गेले असते. दुसरा, गाईड प्रशिक्षित आहे का? तिथे केनिया प्रोफेशनल सफारी गाईड्स असोसिएशन परीक्षा घेते, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या आहेत. तिसरा प्रश्न सगळ्यात उपयोगी पडला: गाईड रात्री कुठे झोपतात आणि जेवतात, आणि तो खर्च यात धरलाय का? स्वस्त कंपनीकडून याचं उत्तर आलंच नाही. मधल्या कंपनीने सविस्तर दिलं. आम्ही मधली घेतली.

मग त्या कंपनीच्या ज्येष्ठ गाईडबरोबर व्हिडिओ कॉल झाला. त्यांनी माझा पाच ठिकाणांचा आराखडा बघितला आणि हसून विचारलं, "तुम्हाला प्राणी बघायचे आहेत की माझ्या गाडीच्या खिडक्या?" अंबोसेली आणि नाकुरू तिथेच गळले. अंबोसेलीतून दिसणारा किलिमांजारो पर्वत राहिला म्हणून दोघं रुसले. राहिलं ते असं: दोन रात्री नैरोबी, दोन नैवाशा, तीन मारा, परत नैरोबी.

माराचं तिकीट बारा तासांचं, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. आम्ही मंगळवारी दुपारी पोचणार होतो. लगेच आत गेलो असतो तर दोन-तीन तासांसाठी माणशी २०० डॉलर, म्हणजे सोळा-सतरा हजार रुपये. दहा जणांचे दोन हजार डॉलर. त्या दुपारी आत जायचंच नाही असं ठरलं. मसाई कुटुंबांच्या जमिनी भाड्याने घेऊन चालवलेल्या कॉन्झर्व्हन्सीत राहावं, म्हणजे पैसा थेट जमीनमालकांकडे जातो, गर्दीही कमी, असं मला फार वाटत होतं. दर बघितले आणि सोडून दिलं. खिशाला परवडलं नाही, एवढंच त्याचं खरं कारण.

वह्या

आता मुद्द्याचं. व्हिडिओ कॉलवर सरांनी खोके कॅमेऱ्यासमोर धरले. गाईड थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, सप्टेंबरात तिसरं सत्र चालू असतं, वर्षअखेरीच्या परीक्षा तोंडावर असतात. मुख्याध्यापक नाही म्हणणार नाहीत, पाहुण्याला नाही म्हणत नाहीत. आणि मग त्यांनी विचारलं, "सर, तुमच्या शाळेत असे पाहुणे यायचे का?"

सर जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी आम्हाला, मराठीत, सांगायला सुरुवात केली. कुणी संस्थावाले दप्तरं वाटायला यायचे. दोन दिवस आधीपासून मुलींची स्वागतगीताची तालीम. तास बंद. पटांगण झाडायचं. औक्षणाचं ताट. पाहुणे दीड तास उशिरा यायचे, पोरं उन्हात. एका मुलाला पुढे उभं करून दप्तर देतानाचा फोटो, तो नीट आला नाही म्हणून परत. "आणि ती दप्तरं सगळ्यांना पुरायची नाहीत. उरलेल्यांना घरी पाठवताना मला तोंड लपवावंसं वाटायचं." गाईडना यातलं एक अक्षर कळलं नाही. भाषांतर कुणी केलंही नाही. सरांनी इंग्रजीत एवढंच सांगितलं, "यस, दे केम."

तरीही निर्णय लगेच झाला नाही, आणि हे मी मुद्दाम लिहिते आहे. कारण दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला की आपण तसे नाही, आपण वेळेवर जाऊ, फोटो काढणार नाही. पर्याय असे दिसत होते: ठरल्याप्रमाणे वाटप, खोके गाईडच्या हवाली करायचे, ते पोचवतील, नाहीतर काहीच न नेता शाळेला काय हवं ते विचारायचं. माझा कल तिसऱ्याकडे होता, पण तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करायचा आग्रह डॉक्टरीणबाईंचा. गाईडच्या ओळखीच्या एका शाळेत त्यांनी विचारलं. उत्तर तीन दिवसांनी आलं. वह्या पुरेशा होत्या. भिंतीवरच्या फळ्यांचा काळा रंग उडाला होता, खडू हवे होते, आणि दोन फुटबॉल.

हे सगळं माराच्या वाटेवरच्या नारोक गावातच मिळणार होतं. म्हणजे पैसे तिथल्याच दुकानदाराला जाणार. स्वाहिलीत दुकानाला 'दुका' म्हणतात, पैशाला 'पेसा', गाडीला 'गारी'. विषुववृत्तापलीकडच्या गावात जाऊन आपण आपलेच शब्द मोडतोय असं वाटत राहतं.

सर कबूल झाले, पण मनापासून नाही. ते आजही म्हणतात, "पोरांच्या हातात नवी वही पडली की चेहरा कसा होतो ते तुम्ही बघितलेलं नाही." मी बघितलेलं नाही, हे खरंच आहे.

किरकोळ म्हणवणारी तयारी

केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा काढून टाकला, त्याऐवजी निघण्याआधी ऑनलाइन प्रवासपरवाना काढावा लागतो, सरकारी शुल्क ३० डॉलर. एका जोडप्याने सरकारीसारख्या दिसणाऱ्या भलत्याच संकेतस्थळावर तिप्पट पैसे भरले. परवाना आला, पैसे आले नाहीत.

प्लास्टिकच्या पिशव्यांवर तिथे ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे, आणि जून २०२० पासून राष्ट्रीय उद्यानं-अभयारण्यांत एकदाच वापरायच्या बाटल्या, ताटल्या, स्ट्रॉही चालत नाहीत. आमच्या चकल्या-चिवड्याच्या पिशव्या घरीच सुट्या झाल्या आणि स्टीलच्या डब्यांत गेल्या. लष्करी छपाईचे कपडे साध्या नागरिकाने घालायचे नाहीत, हे कळल्यावर आमच्यातल्या तीन पक्षीवाल्यांचं अर्धं कपाट बाद झालं. ड्रोन घरी राहिला, त्याला वेगळी परवानगी लागते आणि ती मिळवायला कुणाला वेळ नव्हता.

शाकाहाराची भीती सगळ्यात जास्त होती आणि ती सगळ्यात फोल ठरली. 'देंगू' म्हणजे आपले हिरवे मूगच, चपातीबरोबर देतात. राजम्यासारख्या घेवड्याची 'महारागवे', हिरव्या पाल्याची 'सुकुमा विकी', मक्याचा 'उगाली'. गाईडना आम्ही आधीच कळवलं होतं की वेगळं जेवण बनवायला लावू नका, जे असेल त्यातलं निवडू.

वाचनाची एक संध्याकाळही झाली. १८९६ ते १९०१ मध्ये मोंबासाहून रेल्वे बांधायला हिंदुस्थानातून सुमारे बत्तीस हजार मजूर नेले, अडीच हजारांच्या आसपास मेले. त्यांतले काही आणि नंतर गेलेले व्यापारी तिथेच राहिले. २०१७ मध्ये सरकारने त्यांच्या वंशजांना देशाची चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली. गटाला सगळ्यात भावला तो जोसेफ मुरुंबी: वडील गोव्याचे व्यापारी, आई मसाई, आणि १९६६ मध्ये काही महिने केनियाचा उपराष्ट्राध्यक्ष. त्याचा कलासंग्रह नैरोबीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. यादीत ते होतं.

नमस्काराचा सराव मात्र सरांनी सगळ्यांकडून करून घेतला. 'जांबो' हे पर्यटकांसाठी ठेवलेलं. खरं बोलायचं तर 'हबारी' (कसं काय) म्हणायचं आणि 'न्झुरी' (छान) ऐकेपर्यंत थांबायचं. दुकानात शिरल्याबरोबर 'हे केवढ्याला' विचारायचं नाही.

प्रत्यक्षात काय झालं

घड्याळाचा घोळ पहिल्याच दिवशी. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. आमच्यातल्या एका हौशीने हॉटेलच्या पोराशी स्वाहिलीतच बोलून चहाची वेळ ठरवली आणि सगळ्यांना एक वाजता बोलावलं. चहा सातला येऊन गार झाला होता.

नैवाशात एका दुकानदाराने अदानींचं विचारलं. ठरल्याप्रमाणे ऐकायचं होतं. दोन मिनिटं ऐकलं. मग आमच्यातल्या एकाने बाजू घेतली, दुसऱ्याने त्याला तोडलं, आणि मराठीत आपल्याच राजकारणावर असं काही जुंपलं की दुकानदार हिशेबाची वही घेऊन आत निघून गेला. तो प्रस्ताव नोव्हेंबरमध्ये केनियाच्या सरकारने रद्द केला. ती बातमी गटावर आली तेव्हा दोघांनीही काही लिहिलं नाही.

नारोकच्या रस्त्यावर त्याहून वाईट झालं. दुसऱ्या गाडीतल्या एकाने खिडकीतून पोरांना चॉकलेटं दिली. गाईडनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि शांतपणे सांगितलं की उद्या ही पोरं प्रत्येक गाडीमागे रस्त्यावर धावतील, आणि इथे ट्रक फार वेगात असतात. इतके महिने शाळेबद्दल खल केला, पण खिडकीतून चॉकलेट द्यायचं नाही हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. देणारा माणूस ती संपूर्ण संध्याकाळ जेवायला आला नाही.

मंगळवारची ती रिकामी ठेवलेली दुपार मसाई वस्तीवर गेली. गाईडमार्फत आधी तीन गोष्टी विचारून घेतल्या होत्या: पैसे कुणाच्या हातात जातात, नाच नको असं सांगितलं तर चालेल का, आणि कॅमेरे गाडीत ठेवले तर. पैसे बायकांच्या गटाकडे दिले. दहा जण एकदम घरात घुसू नयेत म्हणून पाच-पाच जण गेलो. घरं बायकाच बांधतात, काटक्या, माती आणि शेणाची. आमच्यातली एक साताऱ्याकडच्या खेड्यातली. तिने भिंतीवर हात फिरवून विचारलं, भेगा पडल्या की काय करता? मग गाईडची पंचाईत झाली, कारण दोन्हीकडून सारवणाबद्दल इतके प्रश्न यायला लागले की त्यांना शेणाचे शब्द इंग्रजीत सापडेनात. पाऊण तासाची भेट दोन तास चालली. फोटो एकही नाही, आणि त्याची खंत मला आहे.

शाळेत आम्ही गेलो नाही. नारोकला सामान घेतलं, गाईडनी ते परतीच्या फेरीत पोचवलं. सर गाडीत बसून होते. शाळेच्या वळणाची पाटी आली तेव्हा त्यांनी तेवढी वाचली.

माऱ्यात नदी ओलांडणारे कळप दिसले नाहीत. एका चित्त्याभोवती गाड्या जमत होत्या. एका प्राण्याजवळ पाचच गाड्या थांबाव्यात असा नियम आहे, आम्ही सातवे होतो. गाईडनी आमच्याकडे पाहिलं, आम्ही 'चला' म्हटलं. मागच्या सीटवरून एक सुस्कारा आला, पण विरोध नाही. बक्षिसी केनियाच्या चलनात, शिलिंगमध्ये, प्रत्येक गाईडला वेगळ्या पाकिटात, आधी ठरवलेल्या रकमेची दिली. शेवटच्या क्षणी खिसे चाचपणं झालं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

तिकिटाआधी प्रत्येकाची औषधं आणि लसी. हे एक.

माऱ्यात शनिवार-रविवार टाळले ते बरं झालं, पण नैरोबीचा शनिवार आम्ही खरेदीत घालवला आणि अभिलेखागार राहिलं. मुरुंबीबद्दल तासभर वाचून त्याच्या दारावरून गेलो. पुढच्या खेपेला ते पहिल्या सकाळी ठेवीन.

गाईडशी पहिलं बोलणं आराखडा झाल्यावर केलं, ते आराखड्याआधी करायला हवं होतं. त्यांनी दुरुस्त केलेल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीसाठी आम्हाला पैसे किंवा एखाद्याचा रुसवा मोजावा लागला. आणि शाळेचा प्रश्न सरांना मी एकटीने, घरी जाऊन विचारायला हवा होता, दहा जणांसमोर कॅमेऱ्यावर नाही.

मावशींच्या बुडालेल्या तिकिटाची रक्कम दहा जणांनी वाटून घ्यावी असं परतल्यावर ठरलं. त्यांनी पाकीट परत पाठवलं, त्यात चिठ्ठी: 'मूग खाल्लेत ना? मग झालं.' महिन्याभराने त्यांनी स्वतःहून फोन केला आणि ते दोन खोके मागवून घेतले. त्यांच्या कामवाल्या बाईंच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत वह्या कमी पडत होत्या. सर घेऊन गेले, रिक्षाने.